वीस हजारांची मर्यादा

७ जुलै २०२५, सोमवार

सूनबाईंनी आपल्या बहिणीस फोनवर सांगितलेली हकीकत चुकीची आहे. धैर्यशीलने 'लाखभर रुपये घालवले' नाहीत. एक रुपयाही गेलेला नाही. मंगळवारी, १ तारखेस, त्याने संगणकावर हळदीच्या वायदेबाजाराचे सराव-खाते उघडले. त्यातील दहा लाख आभासी आहेत. तोटा चौदा हजार — तोही आभासी.

हे बरोबर सांगतानाही किळस येते. बावीस वर्षे फौजेत काढलेला माझा मुलगा सांगलीच्या घरात बसून नसलेल्या पैशाने नसलेली हळद विकत घेतो!

९ जुलै

सूनबाईंची अट: ३१ तारखेपर्यंत सराव-खाते टिकले, तर निवृत्तीच्या रकमेतील पाच लाख खऱ्या व्यवहारासाठी धैर्यशीलचे. बुडाले, तर सगळी रक्कम नातीच्या — अंकिताच्या — मिरजेतील नर्सिंगच्या शिक्षणासाठी. त्याने मान्य केले.

१४ जुलै

खात्याचे नियम वाचले. भाषा भिकार, 'मर्यादा' हा शब्द तीन प्रकारे छापला आहे! अर्थ मात्र स्पष्ट — एका दिवसात तोटा वीस हजारांच्या पुढे गेला की खाते बंद. एक सौदा पन्नास क्विंटलचा. म्हणजे क्विंटलमागे चारशेची घसरण. धैर्यशील तीनशेलाच विकून मोकळा होतो.

मी त्यास भित्रा म्हणालो. आमची हळद हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली, वर्षवर्ष असे. भाव पडला की पेव उघडायचे नाही. तो हसला. "आण्णा, हितं पेव न्हाई. न इकलेल्या मालाचा तोटाबी रोजच्या रोज धरत्यात."

असला कसला नियम! विकलेच नाही, तर तोटा कुठला?

शिवाय २००५ च्या पुरात त्याच्या आजोबांनी — माझ्या वडिलांनी — अडवून ठेवलेली साठ पोती पेवातच कुजली, हेही त्याने ऐकवले. मी विषय बदलला.

१८ जुलै

नफा अकरा हजार. आभासी नफ्याचा खरा शिरा! खाल्ला नाही.

२२ जुलै

धैर्यशील पेन्शनच्या कागदांसाठी साताऱ्यास. संगणक चालूच ठेवून गेला. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी खाते बंद पडले. पडद्यावर लाल पट्टी. किळस. जेवलो नाही.

२३ जुलै

धैर्यशीलने सूनबाईंना सांगितले, "चूक माझी हाय. एसटीत मोबाइलवर बघत हुतो. वाटलं, भाव परत यील. थांबलो."

"मिल्ट्रीत असंच थांबत हुता व्हय?" सूनबाई एवढेच म्हणाल्या. रक्कम अंकितासाठी ठेवायचे ठरले.

मी समोर भाकरी कुस्करत बसलो होतो. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

२४ जुलै

मुलास शिस्त नाही, असे शेजारच्या नाथाजींना मीच सांगितले.

२६ जुलै

पुढील दुरुस्त्या सकाळी सूनबाईंना वाचून दाखवल्या. धैर्यशील उठून अंगणात गेला.

२२ जुलै — "तीनशे उतरलं की इका," असे बजावून तो गेला होता. दोन वाजता तीनशे उतरले. मी विकले नाही, थांबलो. तीन-चाळीसला चारशे दहा. खाते मी बुडवले.

तोच दिवस — एसटीतून तो मोबाइल पाहत नव्हता. मला फोन करीत होता. चार वेळा. मी उचलला नाही.

२४ जुलै — शिस्त मला नाही.

२००५, पुराआधीचा सोमवार — "पेव उघड," असे वडील म्हणत होते. नको म्हणणारा मी होतो.