विंचवीण आणि बापूसाहेबांचा फैसला

लातूर,
आषाढ शुद्ध ३, शके १८६०

ती. माधवमामांच्या चरणी विमलचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. पण तुमची भाची एका खटल्यात अडकली आहे आणि तिची एकुलती एक गवाह काचेच्या बरणीत बसलेली विंचवीण आहे. हसू नका, आधी ऐका.

ह्यांची बिलोलीच्या तहसिलीत नेमणूक झाल्यापासून हे तिकडे खानावळीतलं पाणचट वरण पिऊन राहिलेत आणि मी इकडे सासरी. विमलला पाठवा, असं वडिलांना लिहायची ह्यांची छाती होत नाही. परवाच्या पत्रात शेवटी भीत भीत एवढंच होतं, की बिऱ्हाडाजोगी खोली मिळाली आहे. तेवढ्यावरच सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आमचे सासरे बापूसाहेब मात्र वकील माणूस, संधीची वाट पाहत होते.

ती संधी मीच दिली. मागच्या अंगणात चुलीची लाकडं काढताना एका ढलपीखाली विंचवीण निघाली, पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी पिल्लं. सासूबाई किंचाळल्या. बापूसाहेब वहाण घेऊन धावले, पण मारायच्या आधी त्यांना भाषण सुचलं. म्हणाले, पाहा, हीच पिल्लं उद्या आईची पाठ पोखरून खातील आणि मग जगात निघतील. आमच्या चिरंजीवांनी तर खोलीही घेतली.

मामा, मला राहवलं नाही. मी विचारलं, की पिल्लांनी आईला खाल्लेलं कोणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय का. बापूसाहेबांची वहाण हातातच राहिली. सबूत मागितल्यावर वकिलाला नाही कसं म्हणता येईल? शेवटी ठरलं, की विंचवीण बरणीत ठेवायची. पिल्लं उतरल्यावर ती जिवंत असली तर मी बिलोलीस जायचं. मेली, तर तो विषय मी पुन्हा काढायचा नाही.

बोलून तर बसले. आता लवकर कळवा, मी जिंकणार ना? मामींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच असू द्यावी.

तुमची,
विमल

---

नांदेड,
आषाढ शुद्ध ८

चि. सौ. विमल हिस माधवमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीने जात्यात हात घातलाय. मी म्हणालो, चिमट्याने घातलाय, काळजी नको.

तू जिंकणार. पिल्लं आईला खात नाहीत. जन्मताना पोटात शिदोरी घेऊन येतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिच्यावरच राहतात, तोवर त्यांना धड नांगी चालवता येत नाही की शिकार करता येत नाही. आईची पाठ म्हणजे त्यांचा पाळणा, ताट नव्हे. बरणीत ओली माती आणि एक खापरी ठेव, तोंडाला फडकं बांध. काचेवर तिला चढता येत नाही, पण म्हणून हात आत घालू नकोस. मधून मधून एखादं झुरळ सोड.

एक गोष्ट मात्र सासूबाईंच्या कानावर इतक्यात घालू नकोस. पिल्लं आईला खात नसली, तरी आई कधी कधी एखादं दुबळं पिल्लू खाते.

वर्गात मी उर्दूतून बिच्छू शिकवतो तेव्हा मुलं त्याला किडा म्हणतात. किड्याला पाय सहा, ह्याला आठ. हा कोळी नि गोचिडाचा भाऊबंद. हाडांचं एकही जनावर जमिनीवर चालायला लागलं नव्हतं तेव्हाच ह्याच्या पूर्वजांनी पाण्यातून वर येऊन बिऱ्हाड थाटलं होतं, आणि तेव्हापासून अंगरख्याची शिवणही फारशी बदललेली नाही. तुझ्या सासूबाई ज्या झुरळांना शिव्या देतात, त्यांचा बंदोबस्त हीच बाई करते. हिचा बंदोबस्त घुबड करतं. मारत सुटलं तर घरात झुरळांचं राज्य येईल. आणि बापूसाहेबांना सांग, जगातल्या शंभर प्राणिजातींत पाठीचा कणा असलेल्या पाचही भरणार नाहीत. बहुमत बिनकण्याचंच आहे. आमचे जावई रेणुकादास कोणत्या गटात मोडतात, ते तूच ठरव.

घडेल ते कळवीत जा. आशीर्वाद आहेतच.

माधवमामा

---

लातूर,
आषाढ वद्य ५

ती. माधवमामांस विमलचा सा. न. वि. वि.

आधी ह्यांच्याबद्दल. कणा आहे हो, फक्त वडिलांसमोर जरा वाकतो. पुन्हा असं लिहाल तर दिवाळीत तुमच्या पानात अनारसा वाढणार नाही.

आता खटला. सासूबाई पहिले काही दिवस बरणीच्या वाटेलाही जात नव्हत्या. मग एकदा दुरून पाहिलं. मग तांदूळ निवडायचं सूप घेऊन तिथेच बसायला लागल्या. आता झुरळ दिसलं की मारत नाहीत, वाटीखाली धरतात आणि मला हाक मारतात. एका सकाळी त्यांच्यादेखत विंचविणीने एक पिल्लू तोंडात धरलं आणि खाल्लं! सासूबाईंनी सूप मांडीवर टेकवलं. मग म्हणाल्या, की रेणू लहानपणी दिवसभर कडेवरून उतरत नसे, तेव्हा त्यांच्याही मनात असलंच काहीतरी येऊन जाई. आणि एवढ्या हसल्या, मामा, की सूप कलंडलं.

परवा मात्र माझी पाचावर धारण बसली. पाहते तो विंचवीण निपचित आणि पाठीवर पांढरी लक्तरं लोंबताहेत. बापूसाहेबांनी चष्मा लावला आणि जाहीर केलं, की पाठीचं कातडं सोललं, मुकदमा खारीज. मी रडकुंडीला आले. पण काल पिल्लं एकेक करून खाली उतरली, तेव्हा एक लक्तर मातीत पडलं. ते चिमट्याने काढून मी बापूसाहेबांच्याच भिंगाखाली ठेवलं. मामा, त्याला इवल्या नांग्या होत्या, इवली शेपटी होती! ते आईचं कातडं नव्हतंच, पिल्लांनी टाकलेली कात होती. बापूसाहेब बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, की कातीचं ठीक आहे, पण आई जिवंत असल्याचा सबूत कुठाय.

सासूबाई उठल्या, वाटीतलं झुरळ बरणीत सोडलं. विंचविणीने ते एका झडपेत धरलं. बापूसाहेब खुर्चीसकट मागे सरकले.

पिल्लं आणि आई, सगळ्यांनाच शिवप्पा गाडीवानाने गावाबाहेरच्या दगडी बांधात सोडलं. फैसला उद्या आहे. लोभ आहेच, तो वाढू द्यावा.

तुमची,
विमल

---

लातूर,
श्रावण शुद्ध १०

रा. रा. माधवराव यांस बापूसाहेबांचा सा. न. वि. वि.

आपल्या भाचीने दावा जिंकला. मी जबान दिली होती, ती पाळली. फक्त एवढीच हरकत घेतली, की तरुण सून एकटी बिलोलीपर्यंत कशी जाईल. सोबतीला योग्य माणूस मिळेपर्यंत मुदत द्यावी. त्यावर घरची मंडळी आतून बाहेर आली आणि म्हणाली, की माणूस मिळालं, मी जाते. ट्रंक भरलेलीच होती!

मी म्हणालो, की मुलगा दूर गेला म्हणून रडत कोण होतं? उत्तर मिळालं, की मुलाकरता थोडीच. सगळे कुठे कुठे जातात आणि आपण चुलीशीच, म्हणून.

सासूसुना दोघी मोटारीने अहमदपुरावरून गेल्या. आता पत्र आलंय, की बिलोली फार छान आहे, तिथून भोकरला बहिणीकडे जायचं आहे, आणि परत येण्याची तारीख अद्याप मुकर्रर नाही. इथे मी काल स्वतः भात केला. तो कोर्टात नेला असता तर शस्त्र म्हणून जप्त झाला असता.

आपण पुस्तकं वाचणारे. आईचं आणि पिल्लांचं सगळं सांगितलंत. विंचवाच्या बापाचं पुढे काय होतं, ते कुठे लिहिलंय का? कृपा करून कळवावं, आणि मंडळींना दोन शब्द समजुतीचे लिहावेत.

आपला,
बापूसाहेब

---

नांदेड,
श्रावण शुद्ध १४

रा. रा. बापूसाहेब यांच्या सेवेशी माधवरावाचे कृ. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. विमलच्या मामीने ते दोनदा वाचायला लावलं.

आपण विचारलंत ते पुस्तकात आहे. विंचू मादीचे हात हाती धरून बराच वेळ नाचवतो, आणि नाच संपल्यावर वेळेत पळाला नाही, तर कधी कधी ती त्याला जागीच खाऊन टाकते. आपल्याला त्यांनी नुसतं भातावर सोडलं, यात त्यांची माया दिसते.

रविवारच्या मोटारीने इकडे निघून यावं. पुरणाचं जेवण करू, मग दोघे मिळून भोकरला जाऊ. समजुतीचे शब्द मात्र आपण स्वतः बोलावेत. मी दारात उभा राहीन.

आपला,
माधवराव