कॅन्सस माझं, टाळ्या त्याला

११ मार्च १९३५, सोमवार
वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिलंय: 'अमेरिकेच्या इतिहासात व संस्कृतीत कॅन्सस प्रांताचे स्थान. तीन व्याख्याने, तीन रविवार. वक्ते आप्पासाहेब वकील.' दोनदा वाचलं. मग तोंड लपवायला पानवाल्याकडे जाऊन उभा राहिलो.

माझी वही ती. दिवाळीत मीच नेऊन दिली, शुद्धलेखन तपासा म्हणून. तरुणपणी जहाज सोडून दोन वर्षं कॅन्ससात गहू कापला, त्याची वही. चार वर्षं लिहीत होतो, गोदामातून सुटलो की. रत्नागिरीत कॅन्सस डोळ्यांनी पाहिलेला दुसरा कोण आहे, दाखवा. हा आप्पा मुंबईपलीकडे गेला नाही, बोट लागते म्हणून.
यापुढे इथे तो नुसता आ. व. पूर्ण नावाला शाई फुकट.

१३ मार्च, बुध.
आ. व.कडे गेलो. तो झोपाळ्यावर, मी पायरीवर.
"साहेब, वहीचं काय?"
"आहे रे. कामाला आली. तुझी भाषा बंदरावरची, तिला जरा वळण लावलं."
"माझं नाव घ्याल ना?"
"रघ्या, खलाशाच्या नावाने इतिहास सांगितला तर ऐकायला कोण बसेल? तूच सांग."
तूच सांग म्हणे! घरी येऊन ताट सरकवलं. ही म्हणाली, "मी तवाच सांगितलां होतां. वकिलाकडं कागद गेला की तो वकिलाचा झाला." खरं आहे. पण याची जिरवल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही. लिहून ठेवतो.

१७ मार्च, रवि.
पहिलं व्याख्यान. मी मागे दाराशी. हॉल गच्च.
हरामखोर बोलतो चांगला. नव्या प्रांतात गुलाम ठेवायचे की नाही हे तिथल्याच लोकांनी मतं देऊन ठरवायचं, म्हणून उत्तरेचे नि दक्षिणेचे लोक गाड्या भरभरून धावले, एकमेकांची घरं जाळली, मग सगळा देश त्यात ओढला गेला. सगळं वहीतलं. 'पडवीत लागलेली आग माजघरात शिरली', हे वाक्य माझं. त्यावर टाळ्या. माझ्या वाक्यावर टाळ्या, आणि मान लवली त्याची.

पण मग एक गंमत झाली. वहीत मी लिहिलंय, 'तिथे जमीन कापून घरे बांधतात.' एवढंच. आ. व.ने त्याला शेपूट लावलं. म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखाच जांभा! आपण सड्यावर चिरे काढतो तसेच तेही चिरे काढतात!" लोकांनी माना डोलावल्या. रत्नागिरीत जन्मलेल्याला जमीन कापायची म्हटलं की जांभ्या दगडाचा चिराच दिसणार, दुसरं काय?

अरे, तिथे मैलोन्मैल दगड नाही. झाड नाही. गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली माती, ती नांगराने पट्ट्यात उलटायची, विटेसारखी कापायची, गवताची बाजू खाली घालून रचायची. त्या म्हातारीचं घर तसलंच होतं, जिच्याकडे मी राहिलो. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिने नवऱ्यासोबत ते बांधलं. जेवणाच्या ताटात छतातली माती पडायची. उन्हाळ्यात भिंतीला गवत फुटायचं, ती कात्रीने कापायची. इतिहास म्हणून मी जे लिहिलं ते सगळं तिने मला सांगितलेलं, मोडक्या खुर्चीवर बसून.
उभं राहून बोलणार होतो. बसलो. बोलू दे. जितका वर चढेल तितका जोरात पडेल.

२१ मार्च, गुरु.
आज आ. व.ने कारकून धाडून बोलावणं पाठवलं. आज खुर्ची दिली! चहा दिला, कपबशीत. पुढचं व्याख्यान संस्कृतीवर, आणि वहीत संस्कृती कमी, म्हणे.
"सण, रीतीभाती काही आठवतंय का रे?"
आणि माझ्या जिभेवर सैतान बसला. म्हटलं, "हो साहेब. आपण नवं बांधतो ना, दसऱ्याला भाताच्या लोंब्या दाराला? तस्संच. पहिला गहू कापला की ओंब्या दाराला बांधायच्या. आणि घरची बाई मळणीयंत्राला ओवाळते."
"ओवाळते?"
"दिव्याने."
लेखणी धावत होती त्याची. उठून येरझारा घालायला लागला. "आर्यांची शाखा! अरे, ही आर्यांचीच शाखा!"
म्हातारी कसली ओवाळते. मळणीच्या दिवशी वीस गड्यांचा स्वयंपाक करून कंबर धरून बसायची ती.
रस्त्यात एकटाच हसत आलो. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

२४ मार्च, रवि.
ओंब्या, आरती, सगळं आलं. वर आर्य आले. दोन शास्त्रीबुवा उठून उभे राहिले, एकाने डोळे पुसले. अध्यक्ष म्हणाले, असा व्यासंग जिल्ह्यात नाही. पुण्याच्या एका मासिकात तिन्ही व्याख्यानं छापून येणार, हेही जाहीर झालं.
हेच मला हवं होतं. बोललेलं वाऱ्यावर जातं, छापलेलं राहतं. पुण्यात अमेरिकेत शिकून आलेले डॉक्टर आहेत, प्रोफेसर आहेत. अंक निघाला की एकेकाला पत्र टाकणार. आ. व.च्या पगडीचं काय होतं ते बघायला कोर्टाच्या पायरीवर बसणार मी.

३१ मार्च, रवि.
तिसरं व्याख्यान. कॅन्ससातल्या दारूबंदीवर. गेलो नाही. ही म्हणाली, "आता दारू पण तुमचाच प्रांत नाय काय?"

२२ एप्रिल, सोम.
मुंबईचा पेपर. आतल्या पानावर चार ओळी. कॅन्ससात धुळीची वादळं. भर दुपारी काळोख, माणसाला हातातला दिवा दिसेना. नांगरून नांगरून गवत काढलं, आता उघडी जमीन उडून चालली.
गवत काढू नका, असं म्हातारी शेजाऱ्यांना सांगायची. वेडी म्हणायचे तिला. ती तर कधीच गेली असेल. घरही उडालं असेल, मातीचंच ते.
दिवसभर चित्त लागेना. गोदामात चुकीच्या पेटीवर शिक्का मारला, तिथल्या साहेबाची बोलणी खाल्ली.

२७ एप्रिल, शनि.
सकाळी आ. व.चा कारकून आला, हातात मासिकाची प्रुफं. साहेब खटल्यासाठी कोल्हापूरला गेलेत. निरोप: रघूला सांग, परकी नावं बरोबर आहेत का बघ, खुणा कर, आणि कारकुनाकडे परत दे, तो अकराच्या टपालात टाकेल. एवढा विश्वास!

वाचलं. खाली बसून वाचलं. आगीचं वाक्य त्याच्या नावावर. म्हातारीने सांगितलेली जाळपोळ, टोळधाड, बायकांना मिळालेला मताचा हक्क, सगळं त्याच्या नावावर. तिचं घर जांभ्या दगडाचं.
आणि ओंब्यांच्या पानावर तळाला बारीक टाइपात टीप: 'ही माहिती प्रत्यक्षदर्शी श्री. रघुनाथ, बंदर, रत्नागिरी यांनी दिली.'
श्री. लावलंय. अख्ख्या लेखात माझं नाव एकदाच, आणि ते त्या थापेखाली. वकील तो वकीलच, अंगाला लागू देत नाही.

पेन्सिल हातात धरून बसलोय. थाप खोडली तर नाव गेलं, आणि आ. व. धुतल्या तांदळासारखा. ठेवली तर पुण्याचे प्रोफेसर हसतील ते मला. घराची चूक त्याची एकट्याची, ती तशीच ठेवता येईल. मग तो सापडेल. पण मग त्या बाईचं घर कायमचं दगडाचं. ते कसलं होतं हे आता सांगणारा मी एकटा.

दहा वाजले. ही दारातून विचारते, "झालां काय तुमचां? कारकून खोळंबलाय."
म्हटलं, "बसव त्याला. पाणी दे."