वाढीव वेळ

३ तारीख, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क बसायला खुर्ची मिळाली! विद्यापीठाच्या संगणक परीक्षा केंद्रात मी पर्यवेक्षक. थंडगार दालन, चाळीस मशीन, भिंतीकडेला एक्केचाळिसावं राखीव. बावीस वर्षं शाळेत खडूची धूळ खाल्ल्यावर हे माहेरपणच म्हणायचं. माझी लेक चौदा तारखेला इथेच शेवटचा पेपर देणार, हे केंद्रप्रमुखांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, चालेल, फक्त दालनात तुम्ही तिच्या आई नाही. एवढ्या पेपरात पास झाली की तिची नोकरी पक्की.

५ तारीख
मुलं इतकी का घाबरतात ते कळलं. अभ्यास झालेला असतो हो. पण पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतं, मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, शेजारचा खडाखडा टाइप करत सुटतो. त्यात मशीन अडकलं की राखीववर जायचं, आणि घड्याळ काही थांबत नाही. गेलेली मिनिटं माझ्या पासवर्डने भरून देता येतात. पण दर वेळी तीन पानी खुलासा लिहावा लागतो, म्हणून इथे कुणी देत नाही. प्रमुखांनी हे हसत हसत सांगितलं.

७ तारीख
एका चष्मेवाल्या मुलाची सहा मिनिटं गेली. त्याने हात वर केला. माझे पाय ठणकत होते, तीन पानं कोण रंगवणार? तशी सोय नाही म्हणाले. धडधडीत खोटं. त्याने मान खाली घातली. मला लाज वाटली, तरी दुपारी डबा संपवला.

१० तारीख
सकाळी एक्केचाळीसवर कुणाचा तरी पेपर उघडा दिसला. नाव नाही. घड्याळ शून्यावर. वायर काढली तरी पडदा चालूच. मशीन दुरुस्त करणारे वायरमामा जवळ यायला तयार नाहीत. त्यांनी सांगितलं, गेल्या वर्षी एका मुलीची अकरा मिनिटं गेली. तिने तीनदा मागितली, तेव्हाच्या मॅडमनी कंटाळा केला. पोरगी दप्तर इथेच टाकून निघाली ती घरी पोचलीच नाही. त्या मॅडमचं पुढे काय झालं विचारलं, तर मामांनी विषय बदलला.

१२ तारीख
पडद्यावर एक ओळ. मॅडम, वेळ द्याल का?
मी पुसते. ओळ परत येते. प्रमुखांना दाखवली, त्यांना काहीच दिसेना. दमले मी.

१४ तारीख, दुपार
लेकीचं मशीन अडकलं. एक्केचाळीसवरच बसवावं लागलं, दुसरं नव्हतंच. तिथे घड्याळ भराभर मिनिटं गिळत होतं. तिने हात वर केला. मला मॅडम म्हणाली.
पासवर्ड टाकला. पडद्याने विचारलं, कुणाचा वेळ घ्यायचा?
माझं नाव लिहिलं.
तिचं घड्याळ भरलं. पेपर पुरा करून घरी गेली.

त्याच दिवशी
दालन रिकामं. सगळे गेले. तरी चाळीस हात वर—
एक्केचाळीसवर आता माझं नाव. अकरा मिनिटं. घड्याळ उलटं पळतंय.
दार उघडत नाही. पळून जायची ताकदही नाही—

सात मिनिटं. चष्मेवाल्याचा खुलासा लिहायला घेतलाय. चूक माझी, त्याला सहा मिनिटं द्यावीत— दीड पान झालं— एवढंच होतं तर तेव्हाच—

दोन. बाळा, उरलेलं दीड पान तू लिही. त्याचा नंबर वहीच्या मागे आहे. आणि जेवून घे, भाजी खालच्या