जानव्याला बांधलेली किल्ली

३ आजूर, १३३३ फसली
आष्टीहून बैलगाडीने शाळेसाठी काचेचं कपाट आलं. आत चाळीस पुस्तकं. सोबत निजाम सरकारचा हुकूम: मुलांना शाळेच्या वेळेत वाचायला मिळावं, एका मास्तराने जबाबदारी घ्यावी. हेडमास्तर मोहनराव म्हणाले, सुंदरराव, तुमीच घ्या. नगरला मामाकडे इंग्रजी दोन यत्ता झालोय, तेव्हा दुसरं नाव निघणं शक्यच नव्हतं. आजपासून मी लायब्ररियन. किल्ली जानव्याला बांधली. निश्चय: वर्षाच्या आत गावातलं एकूण एक पोर वाचतं करायचं.

५ आजूर
नियम लिहिले. हात धुऊन यावे. बोटाला थुंकी लावू नये. पुस्तक घरी नेऊ नये. तेवीस झाले. मोठ्या कागदावर सुवाच्य अक्षरात काढून काचेवर चिकटवले. खालचे दोन खण झाकले गेले. हरकत नाही. आधी शिस्त, मग पुस्तकं.

१३ आजूर
पहिला वाचक! चौथीतला शहादेव, बद्रीनाथचा मुलगा. त्याला समुद्राचं पुस्तक हवंय. समुद्र कशाला रे, विचारलं. म्हणाला, "गुर्जी, उन्हाळ्यात त्याचं पाणी किती खाली जातं, ते बघायचंय." आमच्याकडची पोरं ही! शाळा सुटल्यावर बस म्हणालो. तर म्हणे, सुटल्यावर ढोरं हायती, शाळेतच काय ते. शिवाय दिवाळी झाली की बाप त्याला शाळेतून काढणार आहे. म्हणजे जेमतेम तीन आठवडे. देणार, नक्की देणार. उद्या जुम्म्याची सुट्टी. परवा.

१५ आजूर
पेच. हुकुमात आहे, शाळेच्या वेळेत कपाट उघडावं. टाइमटेबलात आहे, शाळेच्या वेळेत कोणी वर्ग सोडू नये. दोन्ही कागदांवर एकच शिक्का. आणि शाळेच्या वेळेत मी स्वतः तिसरीवर. दुपारभर डोकं खाजवून तोडगा काढला: मधल्या सुट्टीत उघडायचं! (मधल्या सुट्टीत मी जेवायला घरी जातो. एवढं सोडलं तर योजना बिनचूक.)

१८ आजूर
जेवून आलो तर शहादेव काचेला नाक लावून उभा. हातात भाकरी. कपाटाजवळ खाऊ नये, नियम चौथा. हाकलला. काचेवर नाकाचा डाग राहिला, धोतराने पुसला.
घरी ही म्हणाली, "एकदा उघडून तरी द्या. पोरगं काय पुस्तक खातंय?" बायकांना जबाबदारी म्हणजे काय ते कळत नाही.

२२ आजूर
आज उघडणारच होतो. वर्ग लवकर आवरला. पण रोज अंघोळीत भिजून जानव्याची गाठ इतकी आवळलीय की किल्ली सुटेना. तशीच कुलपाला लावायची तर पोरांसमोर सदरा वर करून वाकावं लागतं. लायब्ररियनला ते शोभत नाही. शहादेव माझ्या पोटाकडे बघत होता. उद्या बघू.

२३ आजूर
डोकं दुखतंय.

२६ आजूर
मोठी बातमी. शाळाखात्याचे मोहतमिम साहेब मुआयन्याला, म्हणजे शाळा तपासायला, येताहेत. आता कपाट उघडणं म्हणजे मूर्खपणा. पुस्तकं कोरी करकरीत दिसली पाहिजेत. शहादेवला बोलावून समजावलं की मुआयना झाला की पहिलं पुस्तक तुला. म्हणाला, "लई उपकार व्हतील, गुर्जी." दिवाळीला आठ दिवस आहेत. रगड वेळ आहे.

१ दै (आजूर संपला)
मुआयना झाला. साहेबांनी कपाट उघडायला सांगितलं. सदरा वर करून, वाकून, उघडलं. पोरं फिदीफिदी हसली. साहेबांनी पुस्तक काढलं, त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. मी छाती काढून म्हणालो, साहेब, एक डाग दाखवा. त्यांनी वाचणाऱ्यांचं रजिस्टर मागितलं. तेही कोरंच होतं, पण आखणी सुरेख होती.
मग त्यांनी चौथीत विचारलं, यातली पुस्तकं कोणाला माहीत आहेत? शहादेव उठला आणि धडाधड सव्वीस नावं म्हणून गेला, खणांच्या ओळीने, एकही न चुकता. "खालच्या दोन खणातली न्हाई येत साहेब, तिथं नियम हायती." मला भरून आलं. माझा विद्यार्थी!
साहेब म्हणाले, बरं, या पुस्तकांत काय आहे? तर म्हणाला, "ते न्हाई ठावं. कुलूप हाय."
साहेबांनी तिथेच उर्दूत चार ओळी लिहून मोहनरावांना दिल्या. त्या वाचल्यापासून मोहनराव माझ्याशी बोलत नाहीत. माझी शिफारस झालेली दिसते. माणसाला हेवा वाटायचाच.

२ दै
शिफारस नव्हती. या शाळेत वाचक नाहीत, तेव्हा कपाट पुस्तकांसकट आष्टीला परत न्यावं, असं लिहिलंय. वाचक नाहीत! मोहनरावांना म्हणालो, साहेबांना वस्तुस्थिती कळवू. ते म्हणाले, "कळली म्हनूनच लिव्हलं न्हवं का."

३ दै
सकाळी गाडी आली. उद्या दिवाळी, शहादेवचा शाळेतला आज शेवटचा दिवस. पुस्तकं गाडीत भरायला चौथीची पोरं लावली. दारापासून गाडीपर्यंत पंचवीस-तीस पावलं असतील. बाकीची पोरं पाच-पाच पुस्तकं कवेत घेऊन पळत होती. शहादेवने एकच उचललं, समुद्राचं. दारातच ते उघडलं आणि मान खाली घालून निघाला, मुंगीच्या पावलाने. गाडीवान ओरडला, "चल बे, उन्हं चढायली!" मी त्याला म्हणालो, गप बस, येऊ दे त्याला. महिन्याभरात एवढंच काय ते केलं मी त्या पोरासाठी.
तरी पंचवीस पावलं ती किती पुरणार. गाडीपाशी आला तेव्हा दुसऱ्या पानावर होता. पान न दुमडता पुस्तक माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "गुर्जी, म्होरं काय हाय?"
मी ते कधी वाचलंच नव्हतं.