हात लावण्यापूर्वी सांगावे

मी, खाली सही करणार, धंद्याने केस कापणारा, वयाने बासष्ट पूर्ण, विधुर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बुद्धीविषयी त्यांची तक्रार नाही, तक्रार हृदयाविषयी आहे. पुढच्या वर्षाचे विचारले की ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसतात, त्यावरून मी काय ते समजलो. घाई आहे ती त्यामुळे. दुसरे म्हणजे, येत्या शुक्रवारी माझा मुलगा अठरा वर्षांचा होतो.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. सोपवून जावा असा माझ्याकडे एकच माणूस आहे आणि माणूस मालमत्तेत धरता येत नाही, असे वकीलसाहेबांचे म्हणणे पडले. ते माझे जुने गिऱ्हाईक. डोक्यावर आता कापण्यासारखे फारसे उरलेले नाही, तरी पूर्ण कटिंगचे पैसे देतात, म्हणून मी त्यांचे ऐकतो.

१. दर्शनी दुकान, मागच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव हे सर्व माझ्या स्वकष्टाचे आहे. ते मुलाच्या नावाने विश्वस्त निधीत जावे आणि त्याचा कारभार वकीलसाहेबांनी पाहावा. मुलाच्या सांभाळाखेरीज त्यातली फुटकी कवडीही कोठे जाऊ नये.

२. कात्र्या, वस्तरे आणि दोन्ही मशिने, माझ्याकडे शिकून मागच्या गल्लीत दुकान थाटणाऱ्या त्या शहाण्यास द्यावीत. जाताना त्याने माझी निम्मी गिऱ्हाइके नेली. पण हात हलका आहे, तेव्हा हत्यारे त्याच्याकडेच शोभतील. खिडकीजवळची खुर्ची आणि तिच्यासमोरचा आरसा मात्र त्याने मागू नये.

३. ती खुर्ची व तो आरसा मुलाचा आहे. जिथे मुलगा जाईल तिथे या दोन्ही वस्तू जाव्यात. याचे कारण नीट लिहितो, कारण हेच कोणी वाचत नाही.

मुलगा त्या खुर्चीत वाढला. मी गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहतो, आरशात बघून बोलतो आणि हात लावण्याआधी सांगतो: आता कान, आता मान. वस्तरा हातात असताना माणूस दचकला तर पंचाईत, म्हणून ही सवय. मुलाला वाटते, सगळे जग असेच चालते. समोरून चाल करून आलेल्या चेहऱ्याची त्याला भीती वाटते, आरशातला चेहरा ओळखीचा वाटतो. न सांगता लागलेला हात म्हणजे त्याच्या लेखी मार. तेव्हा सांभाळणाऱ्याने मागे उभे राहावे, आरशात त्याच्याकडे बघावे आणि हात लावण्यापूर्वी सांगावे. आता बाही. आता पाणी. तो आपण होऊन मान पुढे करतो. बोलत फारसा नाही, पण मनासारखे झाले की "आता कान" म्हणतो आणि हसतो.

विशेष मुलांच्या केंद्रातल्या मावशींना हे कोणी शिकवले नव्हते. त्यांनी एकदा दुकानात बसून पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून एप्रनच्या खिशात हातआरसा ठेवू लागल्या. त्या आता निवृत्त आहेत.

४. अशा माणसांची सोय बघणाऱ्या सरकारी कचेरीविषयी. मुलांचा विभाग तळमजल्यावर आणि प्रौढांचा वरच्या मजल्यावर, मध्ये एक जिना. तो जिना चढता चढता माझे हृदय गेले, असे मी डॉक्टरांना सांगितले, ते हसले नाहीत. खालच्या बाई म्हणतात, "अठरा पूर्ण झाले की आमचा संबंध संपला." वरचे साहेब म्हणतात, "अठरा पूर्ण झाल्याशिवाय आम्ही अर्ज घेत नाही. मग छाननी, मग प्रतीक्षायादी." मी विचारले, "मधले दिवस तो कुणाचा?" साहेब म्हणाले, "तुमचाच की." माणूस वाईट नाही. माझे हृदय त्याच्या अर्जात बसत नव्हते, इतकेच.

तरी त्यांच्या खटपटीने प्रौढांच्या वसतिगृहात चार दिवसांचा ओळख-मुक्काम मिळाला. मी खुर्ची हातगाडीवर घालून नेली. फाटकावर म्हणाले, खासगी फर्निचर चालत नाही. आरसा काचेचा म्हणून तोही परत. दुसऱ्या दिवशी सकाळी सेवकाने मागून येऊन सदऱ्यात हात घालायला लावला आणि मुलगा त्याला चावला. त्या सेवकाच्या अंगावर पूर्ण मजला होता, त्याने प्रत्येकाला सांगत कधी बसावे? त्याच्यावर माझा राग नाही. मुलाला घरी पाठवले ते शेऱ्यासकट: सामूहिक निवासास अयोग्य. त्या दिवसापासून मी मागे उभा राहिलो तरी तो मान आखडतो.

५. धाकट्या भावास काहीही नाही. माझ्या वस्तऱ्याने आजवर कुणाला ओरखडा गेला नाही, पण भावाने केसाने गळा कापला. माझी पत्नी गेली तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "दादा, तुझ्यानंतर मी आहे ना." ते लेखी मागितले तेव्हा म्हणाला, "अरे, आमच्याकडे चार माणसं येतात-जातात." ती चार माणसे कोण आहेत ते मला ठाऊक नाही. त्यांनाही काही नाही.

६. माझ्यानंतर मुलाचा सांभाळ .................... यांनी करावा.

ही जागा कोरी आहे. मावशींना दोनदा विचारले, पाय धरायचेच बाकी ठेवले. त्या म्हणाल्या, "दादा, माझे गुडघे बघा. मीच आता धरून उठते." खरे आहे ते. त्यांनी फक्त साक्षीदार म्हणून सही करायचे कबूल केले. मी हात टेकले आहेत. मला मरायची भीती नाही, पण मरायला सवड नाही.

येथवर काल लिहिले. पुढचे आज, सर्वांसमोर लिहीत आहे.

सकाळी वकीलसाहेबांनी बजावले की ज्याला या कागदाने काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये. इस्त्रीवाल्याने सही केली. मावशींनी मात्र आधी सगळे वाचले, तिसरे कलम दोनदा.

"झोपेचं लिहिलंच नाही तुम्ही," त्या म्हणाल्या.

"झोपेचं काय?"

"केंद्रात दुपारी झोपायचा ना. 'आता डोळे' म्हटल्याशिवाय मिटायचा नाही."

मला हे माहीत नव्हते. घरी तो रात्री छताकडे बघत पडतो आणि मी त्याला रागावत आलो. मी ते लिहायला घेतले तर त्यांनी सहीचे पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "राहू द्या. कागद वाचून कुणी करणार आहे का? माझं नाव साक्षीदारांतून काढा."

मी पेन परत त्यांच्यापुढे सरकवले. म्हटले, "मावशी, सहीपुरतं तरी..."

"ज्याला मिळणार त्याने सही करायची नाही, असं साहेबच म्हणाले ना?" त्या उठल्या, टेबलाला धरून, आणि दुकानात जाऊन त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

तेव्हा सहाव्या कलमात मावशींचे नाव वकीलसाहेबांनी माझ्यादेखत भरले आहे. मुलगा याच घरात राहील, मावशीही इथेच राहतील. वरच्या मजल्यावरून दिवसाच्या केंद्राची जागा मिळेल तेव्हा सुरुवातीला मावशी सोबत जातील, हातआरसा घेऊन. त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत. एवढाच माझा आनंद आहे आणि त्याच्या पुढे मला काही दिसत नाही.

६-अ. मावशींच्या नंतर .................... यांनी करावा.

मृत्युपत्रात अशी कोरी ओळ ठेवू नये, असे वकीलसाहेब म्हणतात. मी ठेवली आहे.

दुसरा साक्षीदार हवा म्हणून धाकट्याला फोन केला. हेल्मेट न काढताच आला. "मला काय आहे यात?" म्हणाला. मी म्हटले, "काही नाही. म्हणून तर तू चालतोस." त्याने खाली बसून सगळे वाचले, पाचवे कलमही. मग सही केली. आतून मुलाचा आवाज आला, "आता कान." धाकटा कागद मागे उलटून सहा-अच्या कोऱ्या ओळीपाशी आला आणि विचारू लागला, इथे कुणाचे नाव घालायचे आहे. वकीलसाहेब म्हणाले, "तिथं नाव येणाऱ्याला खालची सही खोडावी लागेल."

वरील सर्व मी लिहिले, वाचून पाहिले, ते खरे आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली. वार: सोमवार, दुकान बंद.

मृत्युपत्र करणार: मुलाचे वडील (सही)

साक्षीदार पहिला: शेजारचा इस्त्रीवाला (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ (सही. पेन अजून त्याच्याच हातात आहे.)