ग्रंथघराचे चार पाय

२ फेब्रु., रवि.
विहारामागच्या ग्रंथघरावर समितीने नवी पाटी ठोकली. 'बांधकाम : विहार समिती.' बांधकाम म्हणे! बोटीवर सुतारकी करणारे माझे बाबा ब्रह्मदेशात तळ्यात उभं असलेलं लाकडी ग्रंथघर बघून आले. कांदिवलीत तळं कुठलं, म्हणून त्यांनी सागवानी घराचे चार पाय चार दगडी डोणींत उभे केले. डोणीत पाणी असलं की वाळवी चढत नाही. तेव्हा हे समितीवाले कुठे होते? बाबांचं नाव आता फक्त मोठ्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर, त्यांच्याच अक्षरात.

९ फेब्रु., रवि.
मीटिंग. शेजारच्या टॉवरवाल्यांची तक्रार, डोणींत डास होतात. सेक्रेटरी आमचाच सुमेध, दादाचा मुलगा. म्हणाला, "सिमेंट भरून टाकू, कटकटच नको. आत्या, पाणी तू भरतेस ना, तुला काय वाटतं?"
"मला काय विचारतोस? पाटीवाल्यांना विचार."
सगळे हसले. ठराव पास. दोन शब्द बोलले असते तर... पण डोकं फिरलं होतं.

१५ फेब्रु.
भरल्या डोणी. वर लाल रंगपण दिला. सकाळी सवयीने कळशी घेऊन गेले, तशीच परत आणली. बघू आता यांची हुशारी.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
मागच्या पायावर मातीची बारीक रेघ. वाळवीच. बोटाने पुसली. चावी माझ्याकडेच आहे, पण कापडात बांधलेले ग्रंथ वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या वाचनाच्या, पहिल्या दिवसाआधी सोडत नाहीत, बाबांचीच रीत. हे झालं निमित्त. खरं म्हणजे सुमेधला आपणहून सांगायला जीभ रेटेना.

१० जुलै, आषाढी पौर्णिमा
वर्षावास सुरू. सगळ्यांसमोर मोठा ग्रंथ सोडला. वरून कापड पांढरंशुभ्र, आत माती. सुरुवातीच्या पानांचा हातात भुगा झाला. पहिलं पान नाहीच.
सुमेध चिडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "तुला माहीत होतं ना गं आत्या? बोलली का नाहीस?"
उरलेल्या पानांपासून वाचन मीच केलं. मान वर करायची लाज वाटत होती.

११ जुलै
बाबांची छिन्नी काढली. मागच्या डोणीतलं सिमेंट सकाळभरात ओंजळभर निघालं. सुमेध येऊन उभा राहिला. "पाटीवर आजोबांचं नाव टाकू या?"
"पाटी राहू दे. अजून एक छिन्नी आण."
गेलाय. तीन डोणी तशाच आहेत.