शुद्ध कासिस

१२ नोव्हेंबर
ठरलं. पुढच्या ऑक्टोबरात आमच्या सोलेनचं लग्न. पाहुण्यांना आपल्याच परसातल्या काळ्या फळांची कासिस पाजायची. गावातले लोक ही गोड दारू दुकानातून आणतात आणि वर मिरवतात. आपल्यात चालणार नाही. सासरेबुवांनी (यंदाच गेले बिचारे) आमच्या बर्गंडी प्रांताच्या अस्सल झाडांत तीन परक्या जातीची झुडपं घुसवून ठेवली आहेत. उद्या उपटणार. बायको, जेनव्हिएव्ह, मधमाश्यांबद्दल काहीतरी सांगत होती. मी कुदळीला धार लावत होतो.

१३ नोव्हेंबर
उपटली. कंबर धरली. वरच्या गल्लीतल्या लेओनीबाई झुडपं ढकलगाडीत घालून घेऊन गेल्या. तुम्हाला नक्की नकोत ना, असं दोनदा विचारलं. असो, म्हातारीला सरपण झालं.

२ मार्च
होणारा जावई ग्वेनाएल जेवायला. तिकडचा, ब्रिटनी प्रांतातला. कासिसमध्ये त्याने त्यांच्याकडची सफरचंदाची दारू, सायडर ओतली! आमच्याकडे पांढरी वाइन ओततात, असं मी शांतपणे सांगितलं. तर म्हणे, बाबा, पोटात गेल्यावर कोण विचारतंय. असल्या घरात मुलगी द्यायची.

१८ एप्रिल
झाडं फुलांनी भरली. लेबलं छापून घेतली. 'शुद्ध', खाली माझं नाव, सोनेरी अक्षरात.

२९ मे
फळ धरलं नाही. थंडी नडली. लेओनीबाईंनी आमची ती तीन झुडपं सरपणाऐवजी परसात लावली, तिथे तीच थंडी पडूनही फांद्या फळांनी वाकल्यात. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी दुर्लक्ष केलं.

८ जुलै
एकूण एक वाटी फळं. चाखून बघता बघता संपली. शेवटी बायकोला विचारलं, असं का? ती म्हणाली, अहो, आपली झाडं एकटी फळ धरत नाहीत, मधमाश्यांनी दुसऱ्या जातीचे पराग आणावे लागतात, म्हणून बाबांनी ती तीन लावली होती. नोव्हेंबरात हेच सांगत होते.
जरा मोठ्याने सांगायला हवं होतं.

६ ऑक्टोबर
तळघरात सासऱ्यांच्या कासिसच्या शेवटच्या काही बाटल्या आहेत. त्यांच्यावर माझी लेबलं चिकटवली. घराणं एकच, त्यात फसवणूक कसली. जेवण मात्र गेलं नाही.

११ ऑक्टोबर
लग्न झालं. अशी कासिस कधी प्यायलो नव्हतो, असं जो तो मला सांगत होता. मी मान लववत होतो. विहीणबाईंनी तर मिठी मारली. मग सोलेन आली. माझ्या ग्लासात तिने कासिस ओतली, वर सासरची सायडर ओतली आणि कानाशी वाकून म्हणाली, हळू प्या बाबा, आजोबांबरोबर ही फळं मीच खुडली होती, आता एवढीच उरलीय.
कुणाला काही सांगितलं नाही पोरीने. हसली आणि नाचायला गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
सायडर चांगली लागली.
उद्या लेओनीबाईंकडे जाऊन झुडपं परत मागायची. परवा तरी नक्की.